पानाच्या आत कोण राहतं

सुगी आटोपली होती. मळण्या उरकून भाताच्या रानात मसूर-वाटाणा वर आला होता आणि बेळगावजवळच्या कडोलीला मामाच्या मळ्यात टोमॅटो फुलावर होता. सऱ्यांतून चालता चालता मामेभावाने एक पान खुडलं, माझ्यापुढे धरलं आणि म्हणाला, "अक्का, ही कुठली माशी, सांग बघू." पानावर पांढरट नागमोडी रेघ उमटली होती, वळसे घेत घेत रुंद होत गेलेली. मी पान उलटंपालटं करून पाहिलं आणि खरं ते सांगितलं, नुसतं पान बघून जात सांगता यायची नाही. हे उत्तर काही त्याला पटलं नाही. "एवढी वर्षं कॉलेजात पोरांना काय शिकवलीस मग? आमचा दुकानवाला पान न बघताच सांगतो," असं म्हणून तो फवारणीचा पंप भरायला निघून गेला. दुकानवाल्याला माशीचं नाव सांगायचंच नसतं, बाटलीचं सांगायचं असतं, हे चटकदार उत्तर मला अर्थातच परतीच्या बसमध्ये सुचलं. तोवर ते पान माझ्या पर्समध्ये, पंचांगाच्या पानांत दबून बसलं होतं. प्रश्न मात्र दबला नाही.

घरी आल्यावर जुनं भिंग काढलं आणि खिडकीशी बसले. साध्या डोळ्यांना रेघ दिसते, भिंगाखाली तो चक्क रस्ता असतो. सुरुवात केसाएवढी बारीक. अंड्यातून बाहेर पडलेली अळी तेवढीच असते, म्हणून. मग अळी वाढते तसा रस्ता रुंदावतो. पानाच्या वरच्या आणि खालच्या कातड्याच्या मधला हिरवा गर तेवढा खाऊन ती पुढे सरकते, दोन्ही कातडी तशीच राहतात. तिला डोकं असं नाहीच. तोंडाशी दोन काळे आकडे असतात आणि कुशीवर पडून ती ते आकडे विळ्याने गवत कापावं तसे अर्धगोलात फिरवत राहते. मधूनमधून कूस बदलते. त्यामुळे तिची विष्ठा कधी रस्त्याच्या या काठाला, कधी त्या काठाला पडते, आणि काळ्या तुटक धाग्यांच्या दोन ओळी रस्त्याच्या दोन्ही कडांनी चालत जातात. माझ्या पानात अळी अजून होती. पिवळी, जेमतेम तीन मिलिमीटरची, आणि आकडे चालू होते. पान खुडून, पर्समधून, बसचे धक्के खाऊन ती इथवर आली होती आणि तिचं जेवण थांबलेलं नव्हतं. मी किती वेळ बघत बसले कोण जाणे, गॅसवरचं दूध उतू गेलं.

आपल्याकडे अशा सगळ्यांनाच सरसकट नागअळी म्हणून मोकळं होतात. त्यात गंमत अशी की पान पोखरणारे सगळे एका घरातले नाहीतच. आमच्या परड्यातल्या लिंबाच्या कोवळ्या पानांवर जी चंदेरी रेघ उमटते ती माशीची नव्हे, एका चिमुकल्या पतंगाच्या अळीची. तिच्या रेघेत विष्ठेचा धागा बरोबर मधोमध जातो, आणि शेवटी ती पानाची कड मुडपून त्यात कोष करते. या पतंगाचं शास्त्रीय वर्णन 1856 साली झालं ते कोलकात्याहून गेलेल्या नमुन्यांवरून. भुईमुगाची पानं पोखरणाराही पतंगच. 2014 साली महाराष्ट्रात पहिल्यांदा सापडलेली टोमॅटोवरची टूटा, तीही पतंग. पण ती रेघ ओढत बसत नाही, पानात मोठाले डाग पाडते आणि एका पानातून निघून दुसऱ्यात शिरू शकते. भातावरचा हिस्पा तर भुंगेरा, त्याचीही अळी पानाच्या आतच वाढते. म्हणजे पतंग, भुंगेरे, माश्या, सगळ्यांनी कधी ना कधी हा एकच शोध लावलेला आहे. पानाच्या आत ऊन लागत नाही, वारा लागत नाही, आणि भिंतीच खायच्या असतात. माझ्या पानावर दोन काठांच्या दोन काळ्या ओळी होत्या, म्हणजे माशी. इथपर्यंत कुणीही येतं.

आणि इथूनच पुढे घाट लागतो.

या माश्यांचं कुळ ॲग्रोमायझिडी. जगात त्यांच्या तीन हजारांच्या आसपास जाती नोंदलेल्या आहेत आणि बहुतेकींच्या खाण्याच्या आवडी फार कडक. कुणी एकाच झाडावर जगते, कुणी फार तर त्या झाडाच्या भावकीतल्या दोन-चार झाडांवर. म्हणून जुनी मंडळी माशीला हात लावायच्या आधी झाड ओळखायची. बर्लिनचे एरिख मार्टिन हेरिंग यांनी सारा जन्म पानांतल्या या बोगद्यांपायी घालवला. 1957 साली त्यांनी युरोपातल्या बोगद्यांची जी कोष्टकं छापली त्यांत आधी वनस्पतीचं नाव काढायचं, मग तिच्यावर कोणकोण सापडतं ते बघायचं, मग रेघेचा आकार, विष्ठेची ठेवण, कोष कुठे, असं करत उतरायचं. माशी दिसायच्या आधीच तिचं नाव हातात. मला ही पद्धत फार आवडते. एखाद्याचा पत्ता नीट वाचला तर माणूस कळतो, हा तिच्यातला भरवसा आवडतो. पण तिची अट अशी की तुम्हाला झाडं यायला हवीत. कीटकवाल्यांना झाडं येत नाहीत आणि झाडवाल्यांना कीटक नकोसे असतात, हे मी दोन्ही विभागांच्या स्टाफरूममध्ये चहा पिऊन सांगू शकते.

वनस्पतिशास्त्र मी दोनच वर्षं शिकले, पण त्यातलं हर्बेरियम अजून लख्ख आठवतं. जांबोटीच्या रस्त्याला आमची सहल जायची. पानं-फुलं तोडून जुन्या 'तरुण भारत'च्या अंकांत दाबायची, दर दोन दिवसांनी कागद बदलायचा, खोलीभर तो ओलसर, कडवट, वर्तमानपत्राच्या शाईत मिसळलेला वास. रेघ उमटलेलं पान आणलं की आमच्या बाई ते बाजूला काढायच्या. "चांगलं घे गं, खाल्लेलं काय आणतेस?" आम्ही मग बिनडागाचं, पुस्तकातल्या चित्रासारखं पान शोधत हिंडायचो. घरी आजीचीही तीच तऱ्हा. गुडघ्यावर तेल लावून बांधायला एरंडाची पानं आणायला ती आम्हाला ओढ्याकडे पिटाळायची आणि पांढऱ्या नक्षीचं पान आणलं तर परत पाठवायची. वैतागून आम्ही ती पानं ओढ्यात सोडायचो. आज वाटतं, काढून टाकलेल्या त्या पानांतच सगळी गोष्ट होती. जगभरच्या संग्रहालयांत जुन्या वाळवलेल्या पानांवर असे बोगदे शाबूत सापडतात, त्यांवरून त्या काळी त्या गावात कुठला कीटक होता ते कळतं. आमच्या बाईंचं कपाट मात्र स्वच्छ.

एरंड म्हटलं आणि मामेभावाच्या माशीकडे परत यावंच लागतं, कारण तिच्या बाबतीत पत्ता वाचण्याची युक्ती चालत नाही. टोमॅटो, एरंड, चवळी, घेवडा, काकडी, दोडका, बटाटा, झेंडू, शेवंती. एकमेकांशी सुतराम नातं नसलेली ही झाडं, आणि हिला सगळी चालतात. पंचवीसेक कुळांतल्या वनस्पतींवर तिची नोंद आहे. आता झाडावरून माशी कशी काढायची? कुठल्याही गल्लीत राहणाऱ्याचा पत्ता काय विचारणार? मला संशय होता तो लिरिओमायझा ट्रायफोलाय या जातीवर. 1880 साली अमेरिकेत क्लोव्हर (शास्त्रीय नाव ट्रायफोलियम) नावाच्या चाऱ्यावर ती सापडली, म्हणून तिला चाऱ्याचंच नाव मिळालं. पुढे फ्लोरिडातून शेवंतीच्या कलमांबरोबर तिने जग पालथं घातलं. आपल्या देशात ती 1990 च्या आसपास आली, आणि तीही बहुधा शेवंतीच्या कलमांतूनच असं मानतात. आमच्याकडे गणपत गल्लीत सणासुदीला शेवंतीचे ढीग लागतात, पिवळी, पांढरी. त्यातली वेणी माळून मी कितीदा मिरवले असेन. फुलांना दोष नाही, रेघा पानांत असतात आणि वेणीत कुणी पानं बघत नाही. पण त्यानंतर शेवंती हातात घेतली की देठाशी राहिलेलं एखादं पान मी उजेडाला धरून बघते. फुलवाली म्हणते, "ताजीच हाय वो बाई."

नाव पक्कं करायचं तर अळीची माशी होऊ द्यायला हवी. मामेभावाला फोन करून आणखी पानं मागवली, ती गोव्याला भाजी नेणाऱ्या टेम्पोवाल्याने वाटेत आणून दिली. ओलसर टिपकागद घातलेल्या काचेच्या बरण्यांत ती भरली, तोंडाला मलमल बांधली आणि लोणच्याच्या फळीवर ओळीने ठेवली. या अळ्या पोट भरलं की पहाटेच्या सुमाराला पानाला अर्धचंद्रासारखी चीर पाडतात आणि खाली पडतात; रानात पडतात मातीत, माझ्याकडे पडल्या टिपकागदावर. थोड्या वेळात अळीचं आखडून तांबूस-पिवळं बारकं पिंप होतं, तांदळाच्या कणीहून लहान. आठ-दहा दिवसांत पिंपाचं झाकण उघडतं. घरातल्यांनी या काळात लोणचं खाल्लं नाही, माझ्याशी बोलणंही बेताचंच ठेवलं. मग एका सकाळी बरणीत माश्या होत्या. दोन मिलिमीटरच्या आतबाहेर, पाठ करडी, पोट पिवळं, डोळे तांबूस. बरणीत टोमॅटोची एक ताजी फांदी सोडली आणि मी खुर्ची ओढून बसले.

मादी पानावर उभी राहते, पोटाचं टोक खाली वाकवते आणि पानात भोक पाडते. मग वळते आणि त्या भोकातून आलेला रस पिते. पुन्हा पुढे, पुन्हा भोक. पानावर टाचणीच्या टोकाएवढे पांढरे ठिपके पडत जातात. शंभर भोकांतल्या साधारण पंधरांतच जिवंत अंडं असतं, बाकीची नुसती जेवणासाठी. नराला भोक पाडायचं हत्यारच नाही. तो मादीच्या मागून मागून हिंडतो आणि तिने पाडलेल्या भोकांतला रस पितो. हे बघून मला इतकं हसू आलं की शेजारच्या खोलीतून "काय झालं?" अशी विचारणा झाली. मी काही सांगितलं नाही.

पुढचं हसण्यासारखं नव्हतं. या जातीची सख्खी बहीण शोभेल अशी दुसरी एक जात आहे, सटायव्ही. तिची पाठ काळी चकचकीत, हिची करडी, मळकट. डोक्यावर मागे केसांच्या ज्या दोन जोड्या असतात त्या हिच्या पिवळ्या जागेवर उगवतात, तिचा बाहेरचा केस काळ्या जागेवर. हे सगळं सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं, आणि तरी ते पुरेसं नाही. खात्री नराच्या जननेंद्रियाच्या टोकाकडच्या भागाच्या आकारावरून होते. म्हणजे माशी स्पिरिटमध्ये मारायची, पोट वेगळं करायचं, कॉस्टिक पोटॅशमध्ये गरम करून मांस विरघळवायचं आणि उरलेला तो चिमुकला सांगाडा ग्लिसरीनमध्ये फिरवून बघायचा. आता कामं डीएनएवरही होतात, पण माझ्याकडे जुनं दुकान. भोकं पाडणार मादी, अंडी घालणार मादी, नवऱ्याला खाऊ घालणार मादी, आणि नाव ठरणार नरावरून. कितीतरी जातींत नुसती मादी हाती लागली तर जात सांगताच येत नाही. बरं, ज्याला मी आदल्या दिवशी हसले होते त्यालाच चिमट्यात धरून स्पिरिटमध्ये बुडवताना हात जरा अडखळला. इतकी वर्षं मुलांना विच्छेदन शिकवलं तेव्हा असं होत नसे. तिथे प्राणी आयता ट्रेमध्ये यायचा, त्याला कुणी जेवताना पाहिलेलं नसायचं.

नाव निघालं. ट्रायफोलायच. मी उत्साहाने फोन लावला, नाव सांगितलं, 1880, फ्लोरिडा, शेवंती, सगळं सांगितलं. पलीकडून मामेभावाने शांतपणे ऐकून घेतलं. "बरं. मग काय मारू?"

राग आला, आणि त्याच वेळी वाटलं, चुकतंय काय त्याचं? पिकाचे पैसे माझे नाहीत. बेळगावच्या मार्केटात क्रेट उतरवताना भाव पडला की काय होतं ते मी फक्त ऐकलेलं आहे. पण उत्तर द्यायला मी पुन्हा बरण्यांकडे वळले, कारण एका बरणीतून माश्या कमी आणि भलतंच काही जास्त निघालं होतं. हिरव्या धातूच्या चकाकीच्या गांधीलमाश्या, माशीएवढ्याच किंवा तिच्याहून लहान, चावायचं नाव नाही. त्यातल्या डायग्लिफस गटातल्या मादीची रीत अशी: ती पानावरून चालत चालत आतल्या अळीचा माग काढते, कातड्यातून नांगी खुपसून अळीला लुळी करते आणि तिच्या शेजारी बोगद्यातच अंडं घालते. तिचं पिल्लू त्या अळीवर वाढतं. आणि कोषात जाण्याआधी बोगद्याचं छत खाली बसू नये म्हणून आपल्याच विष्ठेचे बारके काळे खांब उभे करतं. भिंगातून ते खांब मी पाहिले, दोन रांगांत. पान सुकलं तरी खोली तशीच उभी. माशीवर फवारा मारला की माशीची अळी पानाच्या आत बऱ्यापैकी सुखरूप असते, आणि पानावर उघड्याने हिंडणारी ही गांधीलमाशी आधी मरते. शिवाय ट्रायफोलाय औषधांना दाद न देण्याबद्दल जगभर बदनाम आहे. म्हणून कडक औषधं वरचेवर मारली की नागअळी वाढलेली दिसते. मग आणखी मारायचं. दुकानवाल्याचं बरं चालतं.

तेव्हा मळ्यात जाऊन मामेभावाला मी नाव नव्हे, पान उजेडाला धरायला शिकवलं. सूर्याकडे तोंड करून पान डोळ्यांसमोर धरायचं आणि रेघेच्या रुंद टोकाकडे बघायचं. पिवळी अळी हलतेय का? तपकिरी होऊन पडलीय का? शेजारी काही आहे का, काळे ठिपके रांगेत आहेत का? की टोकाला चीर आहे आणि घर रिकामं? रेघ काही मिटत नाही, अळी जाऊन पंधरवडा झाला तरी पान तसंच दिसतं, आणि माणूस रिकाम्या घरावर औषध मारत राहतो. आम्ही सरीतून पानं खुडत गेलो. खालची जुनी पानं बहुतेक रिकामी होती, मधल्यांत मेलेल्या अळ्या बऱ्याच. त्याने एक पान बराच वेळ धरलं, डोळे बारीक केले आणि म्हणाला, "आत दुसरंच कोण तरी बसलंय की." त्या आठवड्यात त्याने पंप काढला नाही, खालची पानं खुडली, निंबोळी अर्क मारला, पिवळे चिकट कागद टांगले. पुढच्या आठवड्यात मात्र शेजारच्या रानात फवारणी झाली आणि यानेही केली. शेजारी मारतो आणि आपण बघत बसायचं, हे रात्री झोपू देत नाही म्हणे. मी काही बोलले नाही. औषधाच्या दुकानात मीच त्याच्याबरोबर गेले होते. काउंटरवरचा बैलहोंगलकडचा पोरगा पान बघून कानडीत "रंगोली हुळ बिद्दैत्री", म्हणजे रांगोळीची अळी पडलीय, म्हणाला आणि बरोबर तीच बाटली काढून ठेवली.

त्या दिवसांपासून माझी नजर मात्र बिघडली आहे. बसस्टॉपवरच्या झेंडूत, देवळामागच्या चवळीत, कुठेही रेघ दिसली की पान हातात येतं. या माशीचं गोत केवढं पसरलंय तेही आता खुपतं. सोयाबीनचं खोड आतून तांबडं करणारी खोडमाशी हिच्याच कुळातली. तुरीच्या शेंगेत राहणारी शेंगमाशीही. तिची अळी कोषात जाण्याआधी शेंगेच्या सालीला आतून पातळ खिडकी करून ठेवते, पुढे माशीला बाहेर पडता यावं म्हणून. आणि घाणेरीची माशी! चोर्ल्याच्या रस्त्याला दोन्ही अंगांनी माजलेली घाणेरी आवरायला 1921 साली याच कुळातली एक माशी आपल्या देशात मुद्दाम आणून सोडली होती, तिने फळं खावीत म्हणून. ती फळं खाते. घाणेरी आहे तिथेच आहे. बोलावून आणलेली अशी निघाली आणि न बोलावता आलेली तशी. (बेळगावात राहून इथे सीमेवर चार वाक्यं लिहायचा मोह होतो. पण माशी या भानगडीत नाही, तिला उगाच ओढत नाही.)

परवा भावजयीने व्हॉट्सॲपवर वाटाण्याच्या पानाचा फोटो पाठवला. रेघ तशीच, पण टोकाला पानातच काहीतरी फुगलेलं, काळसर. मी पालथ्या बाजूचा फोटो मागवला. कोष पानाच्या आतच होता आणि त्याची श्वासाची दोन टोकं कातड्यातून बाहेर डोकावत होती. ही टोमॅटोवरची नव्हे, ही क्रोमॅटोमाया हॉर्टिकोला, वाटाणा-मोहरीवर थंडीत येणारी. ती मातीत पडत नाही, पानातच कोष करते. म्हणजे इथे रेघेची पानं तोडून नेली की कोषही जातात. टोमॅटोच्या माशीला हा उपाय अर्धाच लागू, कारण तिच्यातल्या बऱ्याच जणी तोवर उतरून मातीत गेलेल्या असतात. हे मी लांबलचक लिहून पाठवलं. बराच वेळ उत्तर नाही. मग आलं: "मग ही पानं म्हशीला घातली तर चालतील काय?"

घाल, म्हटलं. औषध मारलं नसाल तर.